पश्चात्तापाची सुट्टी आणि धाकट्याची शपथ

लाइपझिग, 19 नोव्हेंबर 2025

ती. अप्पा आणि आईस, प्रभूच्या नावात सलाम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, रविवारची उपासना चुकत नाही. काकूंच्या कानावर जे काही आलंय ते मनावर घेऊ नका.

आज बुधवार असून इथे सुट्टी. सणाची नव्हे, पश्चात्तापाची! 'पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस' ही जर्मनीतली जुनी प्रॉटेस्टंट रीत. 1995 साली आजारी-वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू झाला. मालकांवर पडणारा भार भरून निघावा म्हणून बाकीच्या राज्यांनी ही सुट्टी सोडली. एकट्या सॅक्सनीने, म्हणजे लाइपझिगच्या या राज्याने, ठेवली, पण फुकट नाही: इथल्या कामगाराच्या पगारातून त्या विम्यासाठी इतर राज्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त कापतात आणि मालकाचा वाटा तितकाच कमी होतो. बरं, अशी विकत घेतलेली सुट्टी प्रार्थनेत जावी की नाही? बरेच जण गाडी काढून शेजारच्या राज्यात खरेदीला जातात, तिथे दुकानं उघडी असतात म्हणून. आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही!

आता धाकट्याच्या दारूचं. अप्पा, रागावू नका, पण त्याला मंडळीपुढे उभं करून बायबलवर हात ठेवून दारू सोडायची शपथ घ्यायला लावू नका. शपथ म्हणजे पुन्हा नियमशास्त्रच, नियमाच्या धाकाने सुधारणं. ती मोडली की लाज, लाजेपोटी लपवणं, आणि लपवायला लागला की गोव्याची स्वस्त बाटली चोर्ला घाट चढून हजर. प्रेषित पौलाचा क्रम वेगळा आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आधी जाणायचं की जुना माणूस ख्रिस्ताबरोबर खिळला गेला (वचन 6), मग स्वतःला पापाला मेलेलं मानायचं (11), आणि त्यानंतर अवयव देवाच्या हवाली करायचे (13). पाप सत्ता चालवणार नाही याचं कारण 14व्या वचनात कृपा आहे, निर्धार नाही. अशाने तो सोकावेल म्हणाल, तर ती शंका पौलाने त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात घेतलीय. आणि तीताच्या पत्रात (2:11-12) हीच कृपा वासनांना नकार द्यायला शिकवते.

सकाळी कामाला निघताना ही वचनं त्याने मोठ्याने वाचावीत, आणि हात, पाय, जीभ असं एकेक नाव घेऊन देवाला द्यावं. खरी ओढ संध्याकाळी काम सुटल्यावर. तेव्हा येण्याचा रस्ता बदला, खिशात बसभाड्यापुरतेच पैसे, मोबाइलवरून पैसे द्यायची सोय बंद. देहवासनांची तरतूद करू नका (रोम 13:14) म्हणजे हेच. घसरला तर त्याच रात्री एका माणसाला सांगायचं, याकोब 5:16 प्रमाणे. तो माणूस तुम्ही नको, आई तर नकोच. मंडळीतला एखादा वडीलधारा बघा, पोटात गोष्ट ठेवणारा. आणि घसरला म्हणून प्रभुभोजन, मंडळीतला भाकर-द्राक्षरसाचा विधी, चुकवू देऊ नका. 1 करिंथ 11:28 मध्ये स्वतःची परीक्षा करून खावं असं आहे, घरी बसावं असं नाही.

एक गोष्ट मात्र आधी: रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. म्हणून बेळगावला सरकारी दवाखान्यात दाखवूनच सुरू करा. यात विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं, तर त्यालाच रात्रभर उशाशी बसवा.

40,000 रुपये आईच्या खात्यात टाकलेत, धाकट्याच्या नाही. त्याच्या मनाला लागेल, मला ठाऊक आहे. त्यातले 25,000 ताईच्या लग्नाच्या हॉलचे. मुलाकडच्या निपाणीकरांना जानेवारी चालत असेल तर तारीख पक्की करा, पाळकसाहेबांना सांगून चर्चमध्ये लग्नाच्या घोषणाही सुरू करा. मला एप्रिलपर्यंत रजा नाही. म्हणजे मागितली होती, खरंच मागितली होती. माझ्यासाठी ताईला थांबवू नका.

रजिस्टरवर आपल्या बाजूने साक्षीदार म्हणून मी सही करायची होती ना? तिथे धाकट्याला उभं करा. तोवर सुधारला तरच, अशी अट नको. माझा सूट कपाटात आहे, त्याला होईल. बाही थोडी आखूड करून घ्या.

तुमचा,
थोरला