डेडवुडचा पाद्री आजाराने मेला नव्हता

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'डेडवुड' या अमेरिकन मालिकेवर लेख आला तो वाचला, बरा होता, पण शेवटी लिहून टाकलं की ही मालिका म्हणजे १८७६ च्या डेडवुड या सोनं शोधणाऱ्यांच्या कॅम्पचा जसाच्या तसा इतिहास आहे, आणि तिथे माझा चहा थंड झाला. मी मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होतो, मनसर-कांद्रीकडे बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. भाच्याने टीव्हीवर लावून दिली तर तीनही सीझन म्हणजे ३६ भाग अन् वरून २०१९ चा सिनेमा असं सगळं एका उन्हाळ्यात कूलरसमोर बसून पाहून टाकलं. शिव्या इतक्या की हिने बजावलं, हेडफोन लावा नाहीतर बंद करा ते.

शिव्यांपासूनच सुरू करतो. लोकांना वाटतं खाणवाले म्हणजे असेच बोलत असतील तेव्हा. तर नाही. त्या काळची जड शिवी म्हणजे देवाच्या, येशूच्या नावाने दिलेली, ती आज पडद्यावर ऐकली तर माणूस दचकायच्या ऐवजी हसेल, म्हणून मालिका लिहिणाऱ्या डेव्हिड मिल्चने आजच्या शिव्या घातल्या. आमची आजी 'मुडदा बसवला तुझा' म्हणायची तेव्हा घर गार व्हायचं, आज नातवाला म्हणून बघा, खी खी करतो. म्हणजे शब्द खोटे पण धसका खरा. असं खोटं मला चालतं.

तारखांचंही तसंच. मालिकेत पुढे गावचा शेरीफ होणारा सेथ बुलक आणि तेव्हाचा नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक एकाच वेळी गावात येतात, दोस्ती होते वगैरे. खरा बुलक पोचला तो हिकॉकला गोळी लागली त्याच्या अगदी आगेमागे, १८७६ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, दोस्तीला वेळ कुठला. दारूचा गुत्ता आणि बायकांचा धंदा चालवणाऱ्या स्वेरेंजनचं जेम थिएटर मालिकेत पहिल्या दिवसापासून उभं आहे, खरं ते उघडलं एप्रिल १८७७ मध्ये. बुलकची बायको भावाची विधवा दाखवली, पण मार्था त्याची लहानपणापासूनची ओळखीची, लग्न १८७४ ला झालेलं. मालिकेतली श्रीमंत विधवा अल्मा गॅरेट तर नव्हतीच कधी. ठीक आहे, गोष्ट सांगायची तर एवढं करावं लागतं.

पण जे सगळ्यात बनावट वाटतं ते खरं निघतं बरं का. अंबाझरीला सकाळी फिरायला येणारा माझा मित्र म्हणे, "खून केला, सोडून दिला, मंग पुन्हा धरून फाशी देली? असं कुठं होते का बे, थापा मारून राहिले." तर तेच झालं होतं. २ ऑगस्टला जॅक मॅकॉलने हिकॉकला मागून डोक्यात गोळी घातली, खाणवाल्यांनीच कोर्ट भरवलं, त्याने सांगितलं की हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं, आणि सुटला. नंतर वायोमिंगमध्ये बढाया मारत फिरत होता तिथे सरकारी मार्शलने धरला, मालिकेत दाखवलंय तसं बुलकने नाही, डकोटाची तेव्हाची राजधानी यँकटनला नवीन खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, तर पहिलं कोर्ट हे कोर्टच नव्हतं कारण ते गावच मुळात बेकायदेशीर होतं.

आता इथे माझ्यातला सर्व्हेअर जागा होतो. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवुड ज्यात आहे ते डोंगर, तिथल्या मूळच्या लकोटा लोकांना दिलेले. १८७४ मध्ये अमेरिकन सैन्याचा अधिकारी कस्टर फौज घेऊन गेला, सोनं सापडल्याची बातमी फुटली अन् लोक घुसले. म्हणजे सातबारा एकाच्या नावाने आणि क्लेमच्या, म्हणजे सोन्यासाठी आखून घेतलेल्या तुकड्याच्या, खुंट्या ठोकून राहिले दुसरेच, तेही आपसात हद्दीवरून मारामाऱ्या करत! मालिकेतल्या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी हे आहे, जमीन सरकारात गेली तर आपले क्लेम टिकतील का ही धास्ती तर मस्तच दाखवली, खाणीच्या भागात राहिलेल्या माणसाला ती लगेच कळते. पण ज्यांची जमीन ते कुठेत? तर स्वेरेंजनकडे एका डब्यात एक मुंडकं आहे, त्याच्याशी तो रात्री गप्पा मारतो. जवळपास एवढेच लकोटा. १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की जमीन घेतली ते चुकीचं होतं, व्याजासकट १० कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरली, आणि लकोटांनी ती आजवर उचलली नाही, म्हणाले जमीन द्या. ३६ भागांत याच्यासाठी कोणीतरी एक माणूस उभा करता आला असता की नाही?

हर्स्टबद्दल थोडं लिहितो कारण ते माझं दुखणं आहे. मालिकेत खाणमालक जॉर्ज हर्स्ट म्हणजे राक्षस, कामगारांचे खून पाडतो, एल्सवर्थ नावाच्या साध्या खाणवाल्याला मारवतो. एल्सवर्थ काल्पनिक, ते खूनही. पण नाल्यातला गाळ धुऊन सोनं काढणारा एकटा माणूस संपला आणि खडक फोडून, दळून सोनं काढणारी कंपनी आली हा बदल एकदम बरोबर आहे. खऱ्या हर्स्टने १८७७ मध्ये भागीदारांबरोबर होमस्टेक खाण घेतली, ७० हजार डॉलरला, आणि ती चालली २००२ पर्यंत. खोली ८००० फूट, सोनं सुमारे ४ कोटी औंस. तिच्याच पोटात रे डेव्हिस या शास्त्रज्ञाने सूर्यावरून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजले, त्याला २००२ चं नोबेल मिळालं. आणि आपल्या कोलारच्या खाणीतही १९६५ ला न्यूट्रिनो पकडले होते हे किती जणांना माहीत आहे? कोलार म्हटलं की पोट्टे केजीएफ सिनेमातल्या रॉकीभाईचे डायलॉग मारतात. असो, विषय भरकटला.

माझी खरी तक्रार स्वेरेंजनवरून आहे. तुमच्या लेखात त्याला 'काळजात ओलावा असलेला खलनायक' म्हटलं. मालिकेत आहे तो तसा, नटाने काम असं केलं की शेवटी आपणच त्याची बाजू घेऊन बसतो, मीही बसलो होतो, लाज वाटते सांगायला. खरा स्वेरेंजन थिएटरात, हॉटेलात काम देतो म्हणून दुरून पोरी बोलवायचा आणि आल्या की धंद्याला लावायचा, परतीला पैसे नसायचे त्यांच्याकडे. नोकरी लावून देतो म्हणून नेलेल्या पोरींच्या बातम्या तुमच्याच पेपरात आतल्या पानावर येतात, तिथे नेणाऱ्याच्या काळजातला ओलावा कोणी शोधत नाही. तारीख बदला, कोणाची बायको बदला, पण अशा माणसाला गावाचा राखणदार करून ठेवलं ना, हे खोटं मला पचलं नाही.

आणि ही माया दाखवायलाच पाद्री स्मिथचं मरण बदललं. मालिकेत त्याला मेंदूचा आजार होतो, तो तडफडतो आणि स्वेरेंजन त्याचं नाक-तोंड दाबून त्याची सुटका करतो. रडायला येतं, मान्य. तुमच्या लेखात हे खरं घडलेलं म्हणून छापलंय. हेन्री वेस्टन स्मिथ आजारी पडून गेला नाही, २० ऑगस्ट १८७६ ला प्रवचनासाठी पायी क्रूक सिटीला निघाला आणि वाटेत त्याचा खून झाला, कोणी केला ते आजपर्यंत नक्की नाही. निघताना झोपडीच्या दारावर चिठ्ठी लावून गेला होता, की क्रूक सिटीला जातोय, देवाची इच्छा असेल तर तीन वाजता परत येतो.

तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती, चौकटीत नाही छापली तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर