तेच नाव, तोच क्रमांक, रंग मात्र दुसरा

रामबाग, इंदूर
18 ऑगस्ट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (जलरंग)

विषय : ‘पेन्स ग्रे’ या जलरंगाच्या ट्यूबमधील घटक न कळवता बदलल्याबद्दल तक्रार

महोदय,

मी इंदुरात जलरंगाचा वर्ग चालवते आणि स्वतःही निसर्गचित्रे करते. आपल्या कंपनीचे रंग मी अनेक वर्षे वापरते आहे. पावसाळ्यात आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारा रंग म्हणजे निळसर राखाडी ‘पेन्स ग्रे’, म्हणून जूनमध्ये नेहमीच्या दुकानातून वर्गासाठी त्याच्या ट्यूबा एकदम मागवल्या. वेष्टन थोडे नवे होते. नाव तेच, क्रमांक तोच, किंमतही तीच. आतला रंग मात्र तो नव्हता. आपल्या ग्राहक सेवेला फोन केला, ईमेलही केला. ‘बॅचनुसार थोडाफार फरक पडतो,’ एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. हा फरक बॅचचा नाही, घटकांचा आहे, आणि तो मी कागदावर दाखवू शकते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

जुन्या ट्यूबच्या मागे रंगद्रव्यांचे क्रमांक छापलेले होते : पीबी 29 आणि पीबीके 9. म्हणजे अल्ट्रामरीन निळा आणि आयव्हरी ब्लॅक. नव्या ट्यूबवर त्या जागी फक्त ‘मिश्र रंगद्रव्ये’ असे दोन शब्द आहेत. कोणती मिश्र, हे कुठेच नाही.

मी जुन्या-नव्या ट्यूबांचे पट्टे एकाच कागदावर शेजारी शेजारी ओढले. गडद लावले तर ओले असताना दोन्ही सारखेच काळेभोर दिसतात, दुकानात कुणालाही फरक कळणार नाही. पाणी वाढवत नेले की वाटा फुटतात. जुना रंग फिकट होता होता किंचित जांभळ्याकडे झुकतो, नवा हिरवटाकडे. खडबडीत कोल्ड प्रेस कागदावर जुन्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत उतरून दाणेदार पोत येतो. अल्ट्रामरीनचा तो गुणच आहे आणि ढग, ओला दगड, भिजलेली भिंत रंगवताना आम्ही त्याच्यावरच विसंबतो. नवा रंग शाईसारखा सपाट बसतो. वाळल्यावर ओल्या ब्रशने उचलायला गेले तर जुना बऱ्यापैकी निघतो, नव्याचा डाग कागद सोडत नाही. पिवळा मिसळला तर जुन्यातून मळकट शेवाळी येतो, नव्यातून चक्क बाटलीचा हिरवा. बर्न्ट सायना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातली तर जुना शांत, तटस्थ राखाडी होतो आणि नव्यातला हिरवा काही केल्या मरत नाही. ही सगळी लक्षणे थॅलो निळ्याची, म्हणजे पीबी 15ची आहेत. माझे निदान चुकीचे वाटत असेल तर खरे घटक लेखी कळवा.

थॅलो निळ्याशी माझे काही वैर नाही. 1935च्या सुमारास तो बाजारात आला तेव्हापासून जगभर वापरात आहे, उन्हात टिकतो, थोडा घेतला तरी पुरतो. अल्ट्रामरीनही उन्हात टिकतो, तेव्हा रंग उडण्याची माझी तक्रार नाही. 1828च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे यांनी कृत्रिम अल्ट्रामरीन तयार केला, त्याआधी तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द खड्यातून काढावा लागे आणि महाग पडे. आज दोन्ही रंग सामान्य चित्रकाराच्या आवाक्यात आहेत. पण ते दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा घालून वर तेच नाव ठेवता येत नाही.

आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘मॅडम, शेवटी राखाडीच तर आहे, इतकं काय!’ त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांना तसे सांगायला सांगितले असेल. पण जो रंग विकायचा त्याची एवढी तरी जाण कंपनीला हवी.

निळसर राखाडी हा एक रंग नाही. माळव्यात पावसाळ्यात बाहेर बसून चित्र काढणाऱ्याला विचारा. पाऊस यायच्या आधी महूच्या बाजूने जो ढग उठतो त्याचा तळ जांभळट राखाडी असतो, आणि पाऊस थांबून उजेड फाकला की तोच ढग पोलादी निळा होतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. भिजल्यावर दगड निळसर काळपट दिसतो आणि लाकूड तपकिरी, त्या दोघांतला फरकच त्या इमारतीचे सौंदर्य. तिथेच कठड्यांवर बसलेले पारवे पाहा. पाठ फिकट राखी, मानेवर हिरव्या-जांभळ्याची झाक, पंखावर दोन काळे पट्टे. नीलगाय, जिला आमच्या आसपासच्या गावांत घोडारोज म्हणतात, तिचा नर लहानपणी मादीसारखाच भुरा असतो, वयात आला की निळसर राखाडी होतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळा दिसतो, कारण त्याचे सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. दूरच्या टेकड्या निळ्या दिसण्यामागेही प्रकाशाचे हेच विखुरणे आहे, तिथे ते काम मधली हवा करते. जानापावची टेकडी जवळून हिरवी आहे, लांबून फिकट निळी-राखाडी. चित्रात अंतर दाखवायचे तर आम्हाला याच रंगाच्या पायऱ्या लावाव्या लागतात. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा जराशी थंड, जराशी फिकट.

आणि राखाडीच्या इतक्या जवळ असताना डोळा फार चिकित्सक होतो. भडक लाल थोडा इकडे-तिकडे झाला तर चटकन लक्षात येत नाही, पण राखाडीत हिरव्याचा किंचित शिरकाव झाला की लगेच खटकतो. रंगातला फरक मोजण्याची 2000 सालची जी आंतरराष्ट्रीय सूत्रे आहेत, त्यांतही फिक्या, राखाडीजवळच्या रंगांना भडक रंगांपेक्षा कमी सूट दिलेली असते, ती याच कारणाने. दिव्याचीही गोष्ट आहे. दिवसाउजेडी जवळजवळ सारखे भासणारे दोन राखाडी पिवळ्या बल्बखाली वेगळे दिसू शकतात. अल्ट्रामरीन तांबड्या टोकाचा थोडा प्रकाश परत फेकतो, थॅलो तो जवळपास सगळा गिळतो. चित्र खिडकीपाशी रंगवले जाते आणि टांगले जाते दिव्याखाली, हे आपल्या प्रयोगशाळेला माहीत असणारच.

आता नुकसानीबद्दल. एका कुटुंबाने माझ्याकडून कृष्णपुरा छत्र्यांचे, म्हणजे होळकर घराण्याच्या नदीकाठच्या स्मारकांचे, पावसातले चित्र मागितले होते. 300 जीएसएमच्या जाड कागदाच्या पूर्ण तावावर आकाश आणि मागची छत्री जुन्या ट्यूबमधून झाली. ती ट्यूब संपली म्हणून कान्ह नदीचे पाणी आणि पुढचा ओला दगड नव्या ट्यूबमधून केला. ओले होते तोवर ठीक वाटले. वाळल्यावर आकाश एका प्रदेशातले आणि त्याचे प्रतिबिंब दुसऱ्याच प्रदेशातले दिसू लागले. पाण्यात हिरवट छटा आली, ती उचलायला गेले तर कागदाचा पृष्ठभाग सुटू लागला, रंग हलेना. ते चित्र मी त्यांना दिले नाही, देणे शक्यच नव्हते.

त्याहून मला वर्गातली गोष्ट लागली. ढगांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, शिकवत होते. काही मुलांकडे जुन्या ट्यूबा होत्या, काहींकडे नव्या. सगळ्यांना एकच सूचना : एवढे पाणी, एवढा रंग, त्यात बर्न्ट सायनाचा एक थेंब. अर्ध्या वर्गाचे ढग पावसाचे झाले आणि अर्ध्यांचे शेवाळलेले. एका मुलीने पुन्हा पुन्हा कागद बदलला. आपलाच हात चुकतो आहे असे तिला वाटत होते. तिच्या आणि शेजारच्या मुलाच्या ट्यूबा शेजारी ठेवून दोघांचे पट्टे ओढले, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले. शिकणाऱ्याच्या हाताला नाव आणि क्रमांक यांच्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. या इंदुरात जन्मलेल्या ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे इथे निसर्गचित्रणाची जुनी परंपरा आहे, आजही सुट्टीच्या दिवशी मुले पॅड घेऊन बाहेर बसतात. त्यांच्या पालकांना दरवेळी परदेशी ट्यूबा परवडत नाहीत. ते आपल्यासारख्या कंपनीवर अवलंबून आहेत.

आपल्या कार्यालयाने आणखी दोन मुद्दे मांडले, त्यांना उत्तर देते. पहिला, मोबाइलच्या पडद्यावर फोटोतला रंग बदलतो. बदलतो, मान्य. म्हणून तर फोटोबरोबर मी जुन्या-नव्या ट्यूबांचे मूळ पट्टे कुरिअरने पाठवले, त्यांची पोच आहे, उत्तर नाही. आणि पडद्याच्या जगातसुद्धा शिस्त असते. तिथे ‘स्लेट ग्रे’ म्हणजे लाल 112, हिरवा 128, निळा 144 हे आकडे ठरलेले आहेत. ‘लाइट स्लेट ग्रे’ त्याच्या अगदी लगत, 119, 136, 153 वर असला तरी दोघांना नावे वेगळी आहेत. एवढ्याशा फरकाला तिथे वेगळे नाव मिळते आणि इथे आख्खे रंगद्रव्य बदलले तरी जुनेच नाव चालते, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा, ‘पेन्स ग्रे’चे ठरलेले सूत्र नसतेच, प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. हे खरे आहे. विल्यम पेन हे 1760 ते 1830 या काळातले इंग्लंडचे जलरंग चित्रकार. निव्वळ काळ्याऐवजी वापरायला ते प्रशियन निळा, पिवळी माती आणि किरमिजी लाल यांचे मिश्रण करत, असे सांगतात. आज बहुतेक कंपन्या निळा आणि काळा मिसळतात, निळा मात्र प्रत्येकीचा आपला असतो. दोन कंपन्यांचा पेन्स ग्रे सारखा असावा अशी माझी अपेक्षाच नाही. एका कंपनीचा, एका क्रमांकाचा, सारखा असावा. सूत्र ठरलेले नाही म्हणूनच तर ट्यूबवर घटक छापणे जास्त गरजेचे आहे, आणि आपण नेमके तेच काढून टाकले.

माझ्या मागण्या अशा. नव्या ट्यूबमध्ये कोणती रंगद्रव्ये आहेत ते क्रमांकांसह लेखी कळवावे. जुन्या सूत्राचा साठा शिल्लक असेल तर माझ्या न उघडलेल्या ट्यूबांच्या बदल्यात तो द्यावा, नसेल तर पैसे परत करावे. उघडलेल्या ट्यूबांची आणि वाया गेलेल्या तावांची किंमतही मिळावी. बिले सोबत जोडली आहेत. चित्राचे मानधन मी मागत नाही. पुढच्या छपाईत रंगद्रव्यांचे क्रमांक पुन्हा ट्यूबवर यावेत, आणि नवे सूत्रच चालू ठेवायचे असेल तर त्याला नवा क्रमांक द्यावा. दुकानदारांनाही हे कळवावे. आमच्या दुकानदाराला बदलाची काहीच कल्पना नव्हती आणि गिऱ्हाइकांची बोलणी तो खातो आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. वर्गातल्या काही पालकांनीही सही करण्याची तयारी दाखवली आहे.

तपासणीसाठी जुन्या आणि नव्या सूत्राची एकेक ट्यूब मी जपून ठेवली आहे. आपला तंत्रज्ञ इंदुरात आला तर वर्गात, खिडकीच्या उजेडात, त्याच्यासमोर पट्टे ओढून दाखवीन. सकाळी आठ ते अकरा मी तिथेच असते.

आपली,
चित्रकला शिक्षिका
रामबाग, इंदूर

सोबत : खरेदीची बिले, कुरिअरची पोच, जुन्या आणि नव्या ट्यूबांच्या पट्ट्यांचा दुसरा संच