त्या अंधाऱ्या खोलीतल्या अक्कांना

अक्का,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. न विचारता चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडायचं नाही कदाचित. डोळ्यांच्या तपासणीला तुमच्याकडे रोज पोरं येत असणार, म्हणून आठवण देते. चौथीतला, जाड चष्म्याचा, "ही वायर कुठं जाते ओ?" म्हणून तुम्हाला भंडावून सोडणारा. मी त्याची आई.

आधी राग सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

आम्ही खानापूर तालुक्यातले. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. दिवसा फणसावर चढणारा हा मुलगा दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही. अंधार झाला की असेल तिथंच बसून राहायचा. शिवजयंतीचे चित्ररथ बघायला बेळगावला नेला, तर सगळी पोरं रथामागं धावतायत आणि हा माझा पदर धरून पायानं रस्ता चाचपडतोय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लाडावलाय. एका डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या, गाजरं खा म्हणाले. गाजरांचा त्याला वीट आला, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या ठिकाणी थेंब घालून आत पाहिलं, पडदा स्वच्छ आहे म्हणाले आणि पोरासमोरच मला सांगितलं, "डोळ्यात काही नाही, नाटक करतोय."

त्या दिवसापासून त्यानं सांगणंच सोडलं. ठेच लागून नख उखडलं तरी सकाळपर्यंत गप्प. आजार ओळखता आला नाही म्हणून मी कुणावर चिडत नाही. "मला समजत नाही, पुढं दाखवा" एवढं म्हणायला काय जात होतं? शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तेच म्हटलं आणि ईआरजीची, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातली वीज मोजायच्या तपासणीची, चिठ्ठी हातात ठेवली. म्हणून आम्ही तुमच्यापर्यंत आलो.

तपासणीआधी वीस मिनिटं अंधारात बसायचं होतं. आधी मलाही काही दिसेना. मग हळूहळू टेबलाची कड दिसली, तुमचा पांढरा कोट दिसला. कुठून तरी नखभर उजेड येत असावा. मी त्याला विचारलं, "अक्का कुठं उभ्या आहेत, दिसतंय?" तो म्हणाला, "नाही." दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, तरी नाहीच. दोघं एकाच बाकावर, एकाच अंधारात बसलो होतो. इतकी वर्षं तो काय सांगत होता, ते मला तिथं कळलं.

पापणीच्या कडेला तो चांदी लावलेला बारीक धागा बसवताना तो अंग चोरायला लागला, तेव्हा तुम्ही "अंजब्याड, अंजब्याड" म्हणत राहिलात, म्हणजे कन्नडात 'भिऊ नको'. आमच्या भागात कुणी कुठल्या भाषेत बोलायचं यावरून मोर्चे निघतात. तुम्ही फोनवर घरच्यांशी कन्नडात बोललात, माझ्याशी मराठीत आणि त्याच्याशी दोन्हींची मिसळ करून. आता धाकटी रडली की तो तिला "अंजब्याड" म्हणतो.

पण मी लिहितेय ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. झालं सगळं, दिवे लागले. कागद छापून डॉक्टरांकडे पाठवला की तुमचं काम संपत होतं. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली. तुम्ही माझ्याशी काहीच बोलला नाहीत. स्क्रीन त्याच्याकडे वळवलीत, त्याच्याजवळ उकिडव्या बसलात आणि रेघेवर बोट ठेवून म्हणालात, "हे बघ. ही खाली गेली, म्हणजे तुझ्या डोळ्यानं उजेड पकडला. इथून ती वर जायला पाहिजे होती, गेली नाही. नाव काय ते डॉक्टर सांगतील. पण तू खोटं सांगत नव्हतास की रे."

तो काही बोलला नाही. चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. घरी परतताना बसमध्ये मात्र त्यानं मला एकदम विचारलं, "आई, त्या डॉक्टरांना पण ती रेघ दाखवायची काय?"

मी बी.एस्सी. झालेली, नंतर जमेल तसं वाचून काढलं. आपल्या पडद्यात बारा कोटींच्या आसपास दंडाकार पेशी असतात, अंधूक उजेडाचं काम त्यांच्याकडं. शंक्वाकार पेशी साठेक लाख, त्या भरउजेडाच्या आणि रंगांच्या. उजेड पडला की या पेशींतल्या विजेत बदल होतो, ती रेघेची पहिली खालची उतरण. निरोप पुढच्या थरातल्या द्विध्रुवी पेशींनी उचलला की रेघ वर उसळते. हे सगळं मोजायचं व्होल्टच्या दहालाखाव्या भागांत. चांगल्या डोळ्याची उसळीसुद्धा असले काही शे भाग एवढीच. आमच्या पोराच्या डोळ्यात दारावर थाप पडते, पण आतून कुणी कडी काढत नाही. पडदा मात्र दिसायला बहुधा अगदी निरोगी असतो, त्यामुळं नुसतं आत डोकावून हे कळत नाही. जन्मापासूनचा, न वाढणारा रातांधळेपणा, असं डॉक्टर म्हणाले. न वाढणारा, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नव्हतं. औषध नाही. चष्मा नीट ठेवायचा, टॉर्च जवळ बाळगायचा, तिन्हीसांजेनंतर सायकल नाही.

डोळ्यातली ही वीज होल्मग्रेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1865 साली बेडकाच्या डोळ्यात मोजली. माणसाच्या डोळ्यात ड्यूअरनं 1877 मध्ये. रेघेचे भाग सुटे करून दाखवणाऱ्या ग्रानिटला 1967 साली नोबेलचा वाटा मिळाला. आणि खाली जाते पण वर येत नाही अशी रेघ शुबर्ट आणि बोर्नशाइन यांनी 1952 मध्येच लिहून ठेवली होती. सत्तर वर्षं होऊन गेली, आणि आमच्याकडं अजून "नाटक करतोय".

डॉक्टर म्हणाले, बऱ्याच घरांत हा दोष आईकडून मुलाकडं येतो. आईला स्वतःला दिसतं नीट. तेव्हा मला माझा भाऊ आठवला. जांबोटीकडं असतो. रात्रीच्या भजनाला कधी गेला नाही, लग्नाच्या वरातीतून अर्ध्यावर परत यायचा. गावानं त्याचं नाव 'कोंबडा' पाडलं, कारण सांज झाली की हा खुराड्यात. पन्नाशी आली तरी त्याला तेच नाव आहे. त्याच्या लहानपणी त्याच्याकडं स्क्रीन वळवणारं कुणी नव्हतं.

माणसं मुद्दाम वाईट वागतात असं मला वाटत नाही, अक्का. घाईत असतात, मोठी झालेली असतात, लहानाशी बोलायचं म्हणजे त्याच्या डोक्यावरून आईशी बोलायचं अशी सवय पडलेली असते. तुम्हाला ती सवय कशी लागली नाही, देव जाणे. पगारात तर हे धरलेलं नसणार. पोरगा आता अंधारात थांबला की सरळ म्हणतो, "मला दिसत नाही, हात द्या." शाळेतल्या बाईंनाही त्यानंच सांगितलं, मी गेले नव्हते.

भावाला मी तपासणीचं सुचवलं. म्हणतो, या वयात कळून काय करू? मग भाच्यानं त्याला त्या रेघेबद्दल सांगितलं. कुठल्या बोटानं दाखवली, तेसुद्धा. तेव्हापासून तो नाही म्हणत नाही. भाताची कापणी उरकली की त्याला घेऊन येते. तुमची सुटी कधी असते तेवढं कळवा, दुसऱ्या कुणाच्या हातात मला तो द्यायचा नाही.

तुमची,
चौथीतल्या त्या चष्मेवाल्याची आई