‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा उपचार नव्हे

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर आपल्या वृत्तपत्रात भरभरून लिहून येते. अभ्यासाचा ताण, मोबाइल, पालकांच्या अपेक्षा हे सगळे त्यात असते, जात मात्र क्वचितच. मी पुण्यात समुपदेशक आहे. समोर बसलेली कित्येक मुले नाव विचारले की स्वतःचे आणि वडिलांचे सांगून थांबतात. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनी वसतिगृहात पाहिलेले असते.

बीड-जालन्याकडून आलेल्या मुलाची अडचण एकच एक नसते. पावसाने दगा दिलेला, आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले, शिष्यवृत्ती रखडल्याने मेसचे पैसे थकलेले आणि वर ‘तुझं काय, तुला सवलत आहे’ हे रोज ऐकायचे. त्याची झोप उडाली तर नवल नाही. केसपेपरवर आम्ही झोप, भूक, घरातला कुणाचा आजार हे सगळे टिपतो. अपमान कुठे होतो, कोण करतो, याला बहुधा रकानाच नसतो. मग चिंतेचा विकार म्हणून निदान होते, श्वसनाचे व्यायाम दिले जातात आणि ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे सांगून मुलाला पुन्हा त्याच खोलीत पाठवले जाते. त्या व्यायामांना माझा विरोध नाही, मीही ते शिकवते. पण अपमान करणारे मोकळे आणि सोसायला शिकायचे याने, हे आमच्या हातून होता कामा नये.

पवईच्या आयआयटीत फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी संस्थेने सूचना काढली, की सहाध्यायांना जेईईची रँक विचारू नये, कारण त्यातून जात ओळखली जाऊ शकते. असे आडवळणाचे प्रश्न समुपदेशकाला ओळखता आलेच पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो केवळ दवाखान्याचे दार उघडे ठेवण्यापुरता नसावा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्णद्वेषातील स्वतःच्या वाट्याबद्दल ठराव करून जाहीर माफी मागितली. आपल्याकडच्या संघटनांनी जातीबाबत तशीच भूमिका घ्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. भेदभावाविषयी थेट विचारावे, मुलाच्या शब्दांत नोंद ठेवावी, त्याची संमती असेल तर तक्रार संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमाती कक्षापर्यंत न्यावी. वरिष्ठ प्राध्यापकाविरुद्ध अशी नोंद करणे कंत्राटी समुपदेशकाला जड जाते, नोकरी जाण्याची धास्ती असते. म्हणून विद्यापीठांनी ही पदे कायमस्वरूपी भरावीत आणि त्यांवर दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून आलेले समुपदेशकही नेमावेत.

– एक समुपदेशक, पुणे