कादंबरीत ताईलाही जागा हवी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. राजे, सरदार, गड, तह सगळं आलं. मीही त्याच कादंबऱ्यांवर वाढलो, तेव्हा तक्रार नाही. पण नवरा गेल्यावर पोरांना शाळेत घालणारी सोलापूरच्या गिरणी चाळीतली बाई ऐतिहासिक कादंबरीची नायिका का होत नाही?

इतिहास कमी पडेल म्हणावं, तर तसंही नाही. 'जुनी गिरणी' म्हणतात ती कापडगिरणी इथे १८७०च्या दशकात उभी राहिली. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने कामावरच्या पोरांचं किमान वय ठरवलं, सात वर्षं! १८९१ला ते नऊ झालं, १९२२ला बारा. म्हणजे पोरगं कोणत्या साली जन्मलं यावर ते पाटी धरणार की बाबिणी उचलणार, हे निदान कागदावर तरी ठरायचं. पुढे १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल आहे. ऑगस्ट १९४९मध्ये जुनी गिरणी बंद पडली, जानेवारी १९५०मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. वकिलीची मुलं तो खटला अजून वाचतात. मधल्या महिन्यांत चाळीत चुली कशावर पेटल्या, हे मात्र निकालपत्रात नाही.

लिहिणाऱ्याला विनंती एकच. 'थोर माउली'पाशी थांबू नका. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मी पाच वर्षांचा असताना ते आजारपणात गेले आणि आई घरी बिड्या वळू लागली. दिवसाला हजार बिड्या एकट्या बाईच्या हातून होत नाहीत हो. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंडं दुमडायची, सूत गुंडाळायचं. शेवटची दोन कामं थोरल्या ताईकडे आली आणि तिची शाळा दुसरीत सुटली. बिडी कारखान्यात छाट, म्हणजे नापास बिड्या, जास्त निघाली की माझी वही पुढच्या आठवड्यावर जायची. पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. पंचवीसचा पाढा ताईला माझ्याआधी पाठ झाला. अक्षरं मात्र विसरली. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, निवृत्तीच्या सत्काराला आईचं नाव घेतलं. ताई समोरच बसली होती. तिचं राहिलं.

बिडी कामगारांचा कायदा १९६६ला आला, कल्याण निधीचा १९७६ला. त्यातून बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, तोवर ताईची लेक लग्नाला आली होती.

ताई आज सत्त्याऐंशीची आहे. तेव्हाचे दर, छाट, कुणी कुणाला उसनं पीठ दिलं, सगळं तिला आठवतं. कुणी लिहिणार असेल तर येऊन बसावं. फक्त चारनंतर या, दुपारी ती झोपते.

एक निवृत्त शिक्षक, सोलापूर