फुंकायला हरकत नाही, पण आकडा दाखवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गटारीच्या आधीच्या शनिवारी रात्री कळव्याला साडूंकडे जेवून आम्ही ठाण्यात परतत होतो. गाडी मेहुणे चालवत होते. ठाण्यात शिरताना नाकाबंदी लागली. "फुंका काका," म्हणत पोलिसाने श्वासातली दारू तपासायचं यंत्र पुढे केलं. मेहुण्यांनी फुंकलं आणि यंत्र वाजलं!

मेहुणे माळकरी, आषाढीची वारी नुकतीच करून आलेले. त्यांचा हात आधी गळ्यातल्या माळेकडे गेला. आकडा किती आला, ते कुणी दाखवलं नाही. उलट "त्या पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ चालून दाखवा," असा हुकूम झाला. गुडघेदुखीमुळे कठडा धरल्याशिवाय जिना न चढणारा हा माणूस. तो पट्ट्यावर डुलणारच.

मला तेवढ्यात आठवलं. गाडीत बसता बसता त्यांनी द्राक्षासव हे आयुर्वेदिक औषध घेतलं होतं, तेही पाणी न घालता. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतंच आणि ते काही मिनिटं तोंडात रेंगाळतं. यंत्राला ते तोंडातलं की रक्तातलं, हे कसं कळणार? माउथवॉशचंही तसंच. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या, अशी विनंती केली. शिपायाने मान हलवली, "जे सांगायचं ते कोर्टात सांगा." सुदैवाने तिथले साहेब समजूतदार निघाले. दुसऱ्यांदा शून्य आलं.

माझा नाकाबंदीला विरोध नाही. पिऊन गाडी हाकणाऱ्याला अद्दल घडलीच पाहिजे. पण कायदा चालक आणि पोलिस, दोघांनाही बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे प्रश्न आकड्याचा आहे, यंत्र वाजलं की नाही याचा नाही. कलम २०३ आणि २०४ श्वासाच्या आणि रक्ताच्या चाचणीबद्दल बोलतात. पट्ट्यावर चालवणं त्यांत नाही, ते अमेरिकी सिनेमातलं. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर महिलेचं रक्त दुसऱ्या महिलेच्या समोरच घ्यावं लागतं.

यातून कुणी पळवाट शोधू नये. फुंकायला नकार दिला तर संशयावरून अटक होऊ शकते, आणि तो नकार नंतर कोर्टात अंगाशी येतो. "साहेब, इथेच मिटवून टाका" म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, की या गुन्ह्याचा दंड न्यायालय ठरवतं, रस्त्यावरचं तोडपाणी नव्हे.

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडच्या पोलिसांना माझी विनंती एवढीच: नाकाबंदीच्या बॅरिकेडवर मराठीत एक फलक लावा. फुंकायची नवी नळी आमच्यासमोर पाकिटातून काढली जाईल, आकडा दाखवला जाईल, शंका असल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी होईल, एवढं त्यावर असावं. त्या रात्री नळी बदलली होती की नाही, हेसुद्धा आम्हाला अंधारात दिसलं नाही. ३१ डिसेंबरच्या आत हा फलक लागला तर बरं.

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, कासारवडवली, ठाणे (प.)