एकाच घराच्या मालकाला ताबा वेळेत मिळावा

महोदय,

शहरातील घरभाडी किती वाढली आहेत, याची चर्चा आपल्या दैनिकात वेळोवेळी होते आणि ती आवश्यकही आहे. मात्र तीत घरमालक म्हणजे पाच-सहा सदनिका बाळगणारा सधन गुंतवणूकदार, असे बहुधा गृहीत धरलेले असते. ज्यांच्याकडे राहत्या घराशिवाय एकच लहान सदनिका आहे आणि तिच्या भाड्यावर ज्यांचे औषधपाणी चालते, अशा मालकांपैकी मी एक आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतून आणि ग्रॅच्युइटीतून आम्ही धायरीत वन बीएचके सदनिका घेतली. ते गेल्यानंतर माझ्या निवृत्तिवेतनाला तिच्या भाड्याचीच काय ती जोड आहे.

या भाड्यातून हाती किती उरते, ते आधी सांगते. महिन्याला १४,००० रुपये म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये. भाडेकरू बदलताना घर एखादा महिना रिकामे राहते, तेव्हा १४,००० गेले. एजंटाला एका महिन्याचे भाडे द्यावे लागते, तेव्हा आणखी १४,०००. सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाड्याने दिले म्हणून लागणारे बिनभोगवटा शुल्क मिळून २४,०००, मिळकतकर ९,००० आणि रंगकाम, नळ, गीझर यांची दुरुस्ती धरून १५,०००. अशा वर्षी ९२,००० रुपये उरतात. आज पन्नास लाखांना विकल्या जाऊ शकणाऱ्या घरावरील हे उत्पन्न दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे. प्राप्तिकरात भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ही रास्त सोय आहे. पण पुणे महापालिकेच्या मिळकतकरात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, आणि एकाच सदनिकेच्या मालकालाही यात वेगळे धरले जात नाही.

तरीही उत्पन्न कमी आहे, ही माझी तक्रार नाही. माझे म्हणणे ताब्याविषयी आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली असून ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडे खोलवर रुजलेला समज चुकीचा आहे, हे या निमित्ताने नमूद करावेसे वाटते. मी प्रत्येक करार मुद्रांक शुल्क भरून नोंदवला आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिली. कायद्याने माझ्याकडून जे मागितले, ते मी वेळेत केले.

असे असूनही काही वर्षांपूर्वीच्या एका भाडेकरूने अकरा महिन्यांच्या करारातील सातव्या महिन्यापासून भाडे देणे थांबवले. ४०,००० रुपयांचे डिपॉझिट तीन महिन्यांतच संपले. मुदत सरली, तरी त्यांनी घर सोडले नाही. दूरध्वनी उचलला जात नसे; दारात गेले की पुढच्या महिन्याचा वायदा मिळे. वीज तोडा, पाणी बंद करा, चार माणसे घेऊन जा, असे सल्ले मला हितचिंतकांनी दिले. घरात दोन लहान मुले होती. ते सल्ले कायद्याला धरून नव्हते आणि माझ्या मनालाही पटणारे नव्हते, म्हणून मी वकिलांमार्फत रीतसर अर्ज केला. तारखा पडत गेल्या. मुदत संपल्यानंतर चौदा महिन्यांनी घर माझ्या ताब्यात आले, तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा फुटलेला होता आणि विजेचे बिल थकलेले होते. एकोणीस महिन्यांचे भाडे २,६६,००० रुपये होते; डिपॉझिट वजा केल्यानंतरही सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम बुडाली. वकिलांची फी यात धरलेली नाही.

कायदा मालकाच्या विरोधात आहे, असे मी म्हणणार नाही. याच अधिनियमाच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याची आणि न दिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाईची स्पष्ट तरतूद आहे. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने बचावासाठी परवानगी मागितली नाही, तर सक्षम प्राधिकारी, म्हणजे अशा अर्जांचा निकाल देण्यासाठी नेमलेला अधिकारी, थेट ताब्याचा आदेश देऊ शकतो. दिवाणी दाव्याच्या फेऱ्यातून अशी प्रकरणे बाहेर काढण्यासाठीच ही संक्षिप्त कार्यपद्धती ठेवली आहे. पण ती प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष लांबली, तर करार करण्यापूर्वीच मालकाच्या मनात भीती बसते. आमच्या पिढीत ती आधीच बसलेली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडे कायद्याच्या त्या वेळच्या दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, हे जुन्या पुण्या-मुंबईतील घरमालक कुटुंबांत अजून सांगितले जाते. "दिलेले घर परत येत नाही" हे वाक्य मी माहेरी लहानपणापासून ऐकत आले आहे.

या भीतीची किंमत भाडेकरूच मोजतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती आणि अशा घरांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक होती. माझ्याच इमारतीत तीन सदनिका कुलूपबंद आहेत. त्यांपैकी एकीच्या मालकांना मी विचारले, तेव्हा त्यांनी माझाच अनुभव मला पुढे केला. जे भाड्याने देतात, ते चाळणी लावतात. अविवाहित नको, एकटी स्त्री नको, अमुक धर्माचे, अमुक जातीचे नको. ही चाळणी अन्यायाची आहे आणि भीतीचे कारण सांगून तिचे समर्थन होऊ शकत नाही, हे मी मालक असूनही स्पष्टपणे लिहिते. लग्नानंतर नऊ वर्षे आम्हीही भाड्याने राहिलो आहोत. घर सोडताना रंगाच्या नावाखाली डिपॉझिट कापले जाते, तेव्हा काय वाटते, हे मला ठाऊक आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. निवासी घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आणि तंटे ठरावीक मुदतीत मिटवणारी स्वतंत्र यंत्रणा, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. त्यांचा विचार एकत्रच व्हायला हवा, कारण ताबा वेळेत मिळेल अशी खात्री झाली, तर कमी डिपॉझिट घेण्याची तयारी माझ्यासारखे मालक आनंदाने दाखवतील.

तसा विचार होईपर्यंत राज्य शासनाने निदान तीन गोष्टी कराव्यात. नोंदणीकृत कराराची मुदत संपल्याचे निर्विवाद असेल, तेथे अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत देण्याचे बंधन घालावे. भाडेकरूला बचावाची परवानगी देताना थकीत आणि चालू भाडे दरमहा प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याची अट असावी. ती पाळली न गेल्यास परवानगी आपोआप रद्द व्हावी. आणि पुण्यासारख्या शहरात दरवर्षी नोंदवल्या जाणाऱ्या करारांच्या संख्येकडे पाहून सक्षम प्राधिकाऱ्यांची पदे वाढवावीत. या करारांवर शासनाला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळते. त्यातील काही वाटा या पदांवर खर्च करण्यास हरकत नसावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे